पोटमाळ्यावरचा संसार

गिरगावातल्या जुन्या चाळीच्या खोलीत शिरलात की आधी मान वर करा. उंच छत, आणि त्याच्या खाली लाकडी पोटमाळा. मुळात तो गाद्या, मोठी पातेली, गणपतीचं मखर ठेवायला. मग तिथे माणसं कशी राहायला गेली?

गर्दी वाढली म्हणून, असं आपण म्हणतो. पण गर्दी तर गिरण्या आल्या तेव्हापासूनच होती. माझ्या मते खरी मेख १९४७च्या मुंबई भाडे कायद्यात आहे. त्याने भाडं बांधलं ते साधारण १ सप्टेंबर १९४०च्या दराला. भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, यात वाद नाही. पण भाडं गोठलं तसा मालकाने दुरुस्तीतून हात काढला, आणि भाडेकरू खोली सोडेना; दुसरी घ्यायची तर पागडी! मुलगे मोठे झाले, सुना आल्या. घर आडवं वाढेना, म्हणून उभं वाढलं. शिडी, फळ्या, पडदा, टेबलफॅन. झाली नव्या जोडप्याची खोली! ताठ उभं राहता येत नाही, आणि कूस बदलली तरी फळी खाली सासूबाईंना कळवणार.

हा सगळा भार जुन्या तुळयांवरच. इमारती खचत, पडत गेल्या, तेव्हा १९६९ साली सरकारने दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून उपकर लावला. आज आपण ‘उपकरप्राप्त इमारत’ म्हणतो, तो शब्द तिथला.