कल्याणच्या वाघिणी : कापूस, कोळसा आणि प्राणवायू

१/ १६ एप्रिल १८५३ हा दिवस इतिहासप्रेमींना पाठ असतो. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिने, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी. आजच्या थ्रेडमध्ये त्या चौदा डब्यांना रजा. ज्यांच्यासाठी कुणी तोफा डागल्या नाहीत, त्या मालगाडीच्या वाघिणींची ही हकिगत आहे. #थ्रेड

२/ शब्दापासूनच सुरुवात करू. इंग्रजी 'वॅगन' मराठी तोंडात शिरला आणि 'वाघीण' होऊन बाहेर पडला. 'कोळशाच्या वाघिणी रुळांवरून घसरल्या' असे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे पट्टेरी जनावर येत नाही, इतका तो मुरला आहे. मीही तोच वापरणार आहे.

३/ हिंदुस्थानात रुळांवर आधी माल धावला, माणूस नंतर. मद्रासजवळच्या रेड हिल्स येथील मार्गावर १८३७ मध्ये दगड वाहिला जात होता. रुरकीजवळ सोलानी नदीवरील कालव्याच्या पुलासाठी १८५१ मध्ये इंजिनाने माती ओढली. मुंबईतही ते तीन 'सुलतानी' धुरांडे दिसण्यापूर्वी, १८५२ साली, भायखळ्याकडे ठेकेदाराचे 'फॉकलंड' नावाचे इंजिन बांधकामाच्या कामाला लागले होते.

४/ जी.आय.पी. रेल्वे म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ती उभी राहण्यामागे ठाण्याची हवा खायला जाणारे साहेब नव्हते. वऱ्हाड-खानदेशचा कापूस होता. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकी कापसावर जगत होत्या आणि १८४६ मध्ये तिकडचे पीक बुडाले तेव्हा मँचेस्टरकरांना घाम फुटला. लॉर्ड डलहौसीने १८५३ च्या आपल्या प्रसिद्ध रेल्वेविषयक टिपणात इंग्लंडला हिंदी कापूस हवा आहे, हे कारण लपवून ठेवलेले नाही.

५/ ठाण्याची खाडी ओलांडून आणि मुंब्र्याजवळचा डोंगर पोखरून १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली. येथे नकाशा नीट पाहावा. कल्याणपासून एक फाटा कसाऱ्याकडे, थळ घाटाच्या पायथ्याशी जातो. दुसरा कर्जतकडे, बोरघाटाच्या पायथ्याशी. देशावरून मुंबईकडे येणारी प्रत्येक गाठ, पोते आणि पिंप या दोन घाटांपैकी एक उतरून कल्याणातच येणार. कल्याणचे अवाढव्य यार्ड म्हणजे या भूगोलाचाच परिणाम.

६/ दोन्ही घाटांचा चढ ३७ ला १. म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. पण गुळगुळीत लोखंडावर फिरणाऱ्या गुळगुळीत लोखंडी चाकाला तो जीवघेणा आहे. त्यात त्या काळच्या मालगाडीला अखंड ब्रेक नव्हते. इंजिनावर ब्रेक, शेवटी गार्डच्या डब्यात ब्रेक, आणि मधल्या वाघिणींना ज्याचे त्याचे हातब्रेक. मधली एखादी कडी तुटली, की मागचा अर्धा भाग दरीच्या दिशेने मोकळा.

७/ म्हणून घाटात 'कॅच साइडिंग' आली. उतारावर मुख्य मार्गातून फुटणारा आणि उलट चढणारा एक आंधळा फाटा. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला. गाडीने आधी थांबून दाखवायचे, मगच सरळ वाट मिळायची. जी थांबू शकत नाही ती आपोआप चढावर जाऊन दमते. चढताना मागून रेटणारे बँकर इंजिन हाही त्याच भीतीवरचा उतारा, आणि तो आजही कसाऱ्याला दिसतो.

८/ आता इतिहासाचा एक कडवट विनोद. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, अमेरिकी कापूस बंद झाला, मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. पण थळ घाटातील मार्ग खुला झाला १ जानेवारी १८६५ ला, आणि युद्ध संपले त्याच वर्षी एप्रिलमध्ये! ज्या तेजीसाठी ही वाट हवी होती, ती बहुतांशी बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांच्या चाकांवर घाट उतरून गेली होती. रेल्वे नागपूरला टेकली ती १८६७ मध्ये.

९/ कापूस हा वाघिणीच्या दृष्टीने मोठा फसवा माल. वजन थोडे, जागा फार. सैल कापूस भरला तर वाघीण गच्च दिसते आणि काटा मात्र जेमतेम हलतो. भाडे वजनावर, म्हणून कंपनीचा तोटा. यावरचा उपाय वाघिणीत नव्हता, बाजारपेठेत होता. खामगाव-अमरावतीसारख्या ठिकाणी वाफेचे प्रेस आले आणि कापूस दाबून, पट्ट्या ठोकून, ३९२ पौंडांची 'बॉम्बे बेल' तयार होऊ लागली. सुमारे १७८ किलोचा ठोकळा. म्हणजे मालाला वाघिणीच्या मापात बसवले गेले. शिवाय कोळशाच्या इंजिनामागे कापूस, हे आगीला आमंत्रणच. ताडपत्रीखाली झाकलेल्या उघड्या वाघिणीपेक्षा लोखंडी बंद वाघीण तेथे भरवशाची.

१०/ मग खास कापसासाठी निराळी वाघीण का बांधू नये? मालवाहतुकीतला सर्वांत जुना पेच इथे आहे : परत येताना काय? एकाच मालासाठी घडवलेली वाघीण परतीला रिकामी धावते आणि रिकाम्या धावण्याचे भाडे कुणी देत नाही. साधी बंद वाघीण उतरताना कापूस आणते, चढताना विलायती कापडाच्या गठ्ठ्या, मीठ, लोखंडी सामान नेते. ज्या डब्यातून वऱ्हाडचा कापूस गेला, त्याच प्रकारच्या डब्यातून त्याचेच विणलेले कापड वऱ्हाडात विकायला आले. वसाहतवादाचे अर्थशास्त्र शिकवायला यापेक्षा सोपी आकृती मला माहीत नाही.

११/ विशेष वाघीण परवडते ती फक्त तेव्हा, जेव्हा माल प्रचंड आणि सततचा असतो, किंवा दुसऱ्या कशातच जाऊ शकत नाही. पहिल्याचे उदाहरण कोळसा, दुसऱ्याचे पेट्रोल. या दोन्हींसाठी आता विसाव्या शतकात येऊ.

१२/ १९३० पर्यंत कल्याणपासून पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा पोहोचल्या. १५०० व्होल्ट, डी.सी. मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथील आराखड्याची, तीन भागांत वाकणारी इंजिने आली. पुढे त्यांचा वर्ग डब्ल्यू.सी.जी.-१ म्हणून ओळखला गेला. रेल्वेच्या लोकांनी मात्र नाव ठेवले 'खेकडा'. चाकांना जोडलेले आडवे दांडे हलवत ते वळणांवरून सरकताना ज्यांनी पाहिले, त्यांना हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

१३/ या खेकड्यांना वीज देण्यासाठी कल्याण आणि डोंबिवलीच्या मध्ये, ठाकुर्लीला, जी.आय.पी.ने स्वतःचे औष्णिक वीजकेंद्र उभारले : चोळा पॉवर हाउस. घाटातून कोळशाचे इंजिन हद्दपार झाले खरे. पण कोळसा हद्दपार झाला नाही. तो ठाकुर्लीत जळू लागला. मध्य भारतातल्या खाणींचा कोळसा रेल्वेने इकडे यायचा तर थळ घाट उतरूनच, म्हणजे कोळशाच्या वाघिणींना सांभाळून उतरवणारे इंजिन याच कोळशाच्या विजेवर चालणार. हे वर्तुळ १९८० च्या दशकात केंद्र बंद होईपर्यंत फिरत राहिले.

१४/ कोळशाची वाघीण उघडी असते. भिजला तरी कोळसा कोळसाच राहतो, आणि वरून भरणे सोपे जाते. खरा खर्च उतरवण्यात आहे. फावड्याने उतरवायचा असेल तर बाजूला दारे हवीत. आपोआप सांडायचा असेल तर तळाला उतरते हॉपर हवे. सगळी वाघीणच उलटी करणारे टिपलर असेल, तर दारांची गरजच नाही, पण सांगाडा दणकट हवा. वाघिणीची बाजू नुसती पाहिली तरी तिच्या मुक्कामी माणसे राबत होती की यंत्र, याचा अंदाज करता येतो.

१५/ चार चाकांच्या जुन्या वाघिणीत जेमतेम २२ टन माल मावे. आठ चाकांच्या 'बॉक्स' वाघिणीने ते सुमारे ५५ टनांवर नेले. पुढे आली 'बॉक्सएन'. या नावांना घाबरू नये, ती अक्षरे वाचायची असतात. उदाहरणार्थ 'बीटीपीएन' : बी म्हणजे बोगी, टी म्हणजे टँक, पी म्हणजे पेट्रोल, एन म्हणजे हवेच्या दाबाचे ब्रेक.

१६/ आणि डोंबिवलीच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना एक उद्योग करा. शेजारून मालगाडी गेली तर वाघिणीवरचा अकरा आकडी क्रमांक पाहा. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पाचवा-सहावा बांधणीच्या वर्षाचा, मग चार आकडे तिचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळणीचा. गाडी हळू असेल तर तिचे जन्मवर्ष सहज हाती लागते.

१७/ येथे मॉडेल रेल्वे करणाऱ्यांचा विषय काढतो. 'खेळण्यातल्या गाड्या' म्हणून हसणाऱ्यांपैकी मीही एक होतो. डोंबिवलीतल्या एका मित्राने एकदा विचारले, "चोळ्याच्या साइडिंगवरच्या वाघिणीची बाजू किती उंच होती? दार किती पट्ट्यांचे होते? रंग काळा की तपकिरी?" मी कापसापासून युद्धापर्यंत बरेच बोललो आणि या तिन्ही प्रश्नांवर गप्प बसलो. इंजिने संग्रहालयात जाऊन बसतात, त्यांना नावे असतात. वाघीण मात्र आयुष्य संपले की भंगाराच्या भावाने तुटते.

१८/ त्याचे माप असते ८७ ला १, ज्याला एच.ओ. म्हणतात. पुण्यात कर्वे रस्त्यावरचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून याच मापात उभे आहे. पाहिले नसेल तर जरूर पाहा. या मापात १०,७१३ मिलिमीटर लांबीची बॉक्सएन सुमारे १२३ मिलिमीटरची होते. तळहातावर मावते. पण ५८ वाघिणींचा पूर्ण रेक जोडला तर सात मीटरच्या पुढे! डोंबिवलीतला दिवाणखाना तेवढा लांब असता तर काय हवे होते.

१९/ गंमत याच्या पुढे आहे. बाजारात मिळणारे एच.ओ. रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. त्याला ८७ ने गुणा : १४३५. ते युरोप-अमेरिकेचे प्रमाण अंतर. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १९.२६ हवे. म्हणून भारतीय वाघिणीचे हुबेहूब अंग जेव्हा तयार रुळांवर ठेवतात, तेव्हा ती अरुंद पायांवर उभ्या असलेल्या रुंद माणसासारखी दिसते. पावणेतीन मिलिमीटरचा फरक, पण जाणकाराच्या डोळ्यांत सलतो. मला हा हट्ट फार काळ अतिरेकी वाटत होता. एप्रिल २०२१ नंतर तसा वाटत नाही.

२०/ त्याआधी एक छोटा थांबा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी पोहोचवण्यासाठी राजस्थानातल्या कोटा येथील कार्यशाळेत टाकी-वाघिणी आतून धुऊन काढल्या आणि मिरजेहून भरून पाठवल्या. १२ एप्रिलच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. एका मालासाठी घडवलेली वाघीण दुसऱ्या मालाला देता येते, पण त्यासाठी आधी तिला तिचा जुना माल विसरायला लावावे लागते.

२१/ आता २०२१. कोविडची दुसरी लाट, रुग्णालयांत ऑक्सिजन संपत आलेला आणि तो तयार करणारे पोलाद कारखाने शेकडो मैल दूर. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो. त्याला दुहेरी भिंतींचा, उष्णतारोधक टँकरच लागतो. रेल्वेकडे त्यासाठीची वाघीण नव्हती आणि बांधायला वेळ नव्हता. तेव्हा ठरले की रस्त्यावरचा टँकर तसाच सपाट वाघिणीवर चढवायचा, कोकण रेल्वे १९९९ पासून ट्रक चढवते तसा.

२२/ आणि लगेच मिलिमीटर आडवे आले. पूल, बोगदे, फलाटांची छपरे, वरच्या विजेच्या तारा. निरनिराळ्या टँकरांची मापे घेतली गेली. ३,३२० मिलिमीटर उंचीचा टँकर, 'डीबीकेएम' या सपाट वाघिणीवर, जिचा पृष्ठभाग रुळांपासून १,२९० मिलिमीटर. एकूण ४,६१०. मित्राच्या मापात ५३. एवढे चालणार होते. पण मुंबईजवळच्या घाटांत असा मर्यादेबाहेरच्या मापाचा माल नेण्यास परवानगी नाही.

२३/ म्हणून १९ एप्रिल २०२१ च्या रात्री कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन निघालेली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस कल्याण-कसारा या जवळच्या वाटेने गेलीच नाही. ती दिवा-वसई मार्गाने, म्हणजे डोंबिवलीच्या कोपरवरून आणि भिवंडीवरून वसईला, तेथून सुरत, भुसावळ, नागपूर असे करत विशाखापट्टणमला पोहोचली. १,८५० किलोमीटरहून जास्त अंतर, पन्नास तासांहून थोडा अधिक वेळ. परतताना तीन टँकर नागपूरला उतरले, चार नाशिकला. नाशिक घाटाच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे तिथवर येताना थळ घाट उतरावा लागला नाही. पुढे २५ एप्रिलला जामनगरजवळच्या हापा येथून निघालेले तीन भरलेले टँकर दुसऱ्या दिवशी कळंबोलीला आले, ते वसई रोड-भिवंडी रोड याच वाटेने.

२४/ १८६५ मध्ये कापसाला ज्या घाटाने वाट दिली, त्याच घाटाने दीडशे वर्षांनंतर ऑक्सिजनला वळसा घालायला लावला. त्या रात्री कुणीतरी कार्यालयात बसून प्रत्येक पुलाखालची उंची कागदावर तपासली असणार. मित्राच्या टेबलावर आता त्या रेकची एक प्रतिकृती आहे : सपाट वाघीण, वर साखळ्यांनी बांधलेला पांढरा टँकर. उंची मोजून पाहिली. ५३ मिलिमीटर.

२५/ चोळ्याची साइडिंग मात्र अजून अपुरी आहे. तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणी ठाकुर्ली पॉवर हाउसमध्ये किंवा कल्याण यार्डात असेल, आणि घरात एखादा जुना कृष्णधवल फोटो असेल, तर त्यात उभ्या माणसांच्या मागे पाहा. वाघिणीच्या बाजूवर पांढऱ्या रंगात काही अक्षरे-आकडे असतील. वाचता आले तर खाली लिहा. दाराच्या पट्ट्या मोजता आल्या तर त्याही.