नवा डेटा संरक्षण कायदा: व्यावसायिक आणि मालकांना काय तयारी करावी लागेल?

नोकरीसाठी अर्ज करणारा उमेदवार आधार आणि पॅनचे फोटो कंपनीच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. नोकरी मिळत नाही, फोटो मात्र कुणाच्या तरी फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. हे चित्र बदलण्यासाठी भारतात ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३’ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी या नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे २०२७ पर्यंत.

हा कायदा फक्त बड्या आयटी कंपन्यांसाठी आहे, हा गैरसमज आहे. ग्राहकांचे मोबाईल नंबर बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ठेवणारं दुकान, विद्यार्थ्यांची माहिती एक्सेलमध्ये भरणारा क्लास, रुग्णांचे रिपोर्ट संगणकात ठेवणारं क्लिनिक, सगळेच त्यात येतात. निव्वळ कागदी वही कायद्याबाहेर आहे, पण तिचं पान स्कॅन केलं की तेही कक्षेत येतं. स्टार्टअपसारख्या काही घटकांना ठरावीक तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. मात्र ‘छोटा धंदा’ म्हणून सरसकट माफी नाही.

सर्वाधिक गोंधळ कर्मचाऱ्यांच्या माहितीबाबत आहे. पगार, पीएफ, हजेरी यासाठी प्रत्येक वेळी सहमती घ्यायची का? नाही. कायद्याच्या कलम ७ नुसार ‘नोकरीच्या कारणासाठी’ कर्मचाऱ्याची माहिती सहमतीशिवाय वापरता येते. व्यापारी गुपितं जपणं, कर्मचाऱ्याने मागितलेली सुविधा देणं हेही त्यातच येतं. पण ही मोकळीक सगळ्याला लागू नाही. कर्मचाऱ्याचा वाढदिवसाचा फोटो कंपनीच्या जाहिरातीत वापरणं म्हणजे नोकरीचं कारण, असं म्हणणं अवघड आहे. शिवाय तरतुदीत शब्द ‘कर्मचारी’ असा आहे, उमेदवार नव्हे. त्यामुळे अर्जदारांकडून स्पष्ट सहमती घेणंच शहाणपणाचं.

सहमती मागताना कोणती माहिती, कशासाठी हवी आहे आणि तक्रार कुठे करायची हे सोप्या भाषेत सांगणं बंधनकारक आहे. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या यादीत मराठीही आहे. सहमती देणं जितकं सोपं, ती मागे घेणंही तितकंच सोपं हवं. १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत सहसा पालकांची पडताळणीयोग्य सहमती लागते. क्लासचालकांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवं.

तयारीची सुरुवात वकिलाकडून मसुदा आणून होत नाही. आधी शोधावं लागतं की माहिती नेमकी आहे कुठे: कुणाच्या जीमेलमध्ये, कोणत्या ग्रुपवर, नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरच्या लॅपटॉपवर? हेच काम सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात महत्त्वाचं. मग कोणती माहिती कधी पुसायची हे ठरवता येतं. मात्र घाईने सगळं डिलीट करणंही चूक. इतर कायद्यांनुसार जपायची कागदपत्रं जपावीच लागतात आणि माहितीच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायला नियम सांगतात.

पगाराचं काम बाहेरच्या संस्थेकडे दिलं, तरी जबाबदारी मालकाचीच राहते. माहिती फुटली तर संबंधित व्यक्तींना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं आणि ७२ तासांत मंडळाला सविस्तर तपशील द्यायचा. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, घटना न कळवल्यास २०० कोटींपर्यंत. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष रक्कम ठरवताना मंडळ चुकीचं गांभीर्य, कालावधी आणि नुकसान कमी करण्यासाठी काय केलं ते पाहतं.

दंडाचे पैसे भारताच्या संचित निधीत जमा होतात. ज्याचं आधार कार्ड फुटलं, त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.