यंत्राने विचारलेली भाषा

भाषा कोणती व प्रांत कोणता, हा प्रश्न आपल्या समाजाने शाळेत, कचेरीत आणि न्यायालयात पुष्कळ वेळा ऐकला आहे. आता तो संगणकही विचारतो. त्याची विचारण्याची रीत समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

'सी' या संगणकभाषेचे अमेरिकेत १९८९ साली प्रमाणीकरण झाले, तेव्हा तीत 'सेटलोकेल' या योजनेस स्थान मिळाले. आज्ञावली सुरू होताच 'सी' याच नावाचे एक किमान लोकेल गृहीत धरले जाते. योजनेस कोरे नाव दिल्यास वापरणाऱ्याने केलेली निवड लागू होते. नावाच्या जागी काहीच न दिल्यास चालू लोकेल कोणते एवढेच कळते, बदल काही होत नाही. वकिली परिभाषेत पहिले गृहीतक, दुसरे पक्षकाराचे निवेदन, तिसरे नोंदीची नक्कल. निवेदन घेतल्यावाचून गृहीतकावरच निकाल देणारी आज्ञावली सदोष होय.

लोकेलच्या नावात आधी भाषेचा व मग देशाचा संकेत येतो. मराठीस 'एमआर' ही दोन अक्षरे मिळाली; कोंकणीस दोन अक्षरी संकेत नाही, तिचा 'केओके' हा तीन अक्षरी. रचनाकाराने दोनच अक्षरांची जागा राखली, तर कोंकणी उंबरठ्यावरूनच परतते.

या नावात राज्य मात्र येत नाही. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आणि इंदूर मध्य प्रदेशात गेले, १९६० साली बडोदे गुजरातेत गेले. पण संकेताच्या लेखी तेथील मराठी एकच राहिली. वापरणाऱ्याचे ठिकाण पाहून भाषा ठरविणाऱ्या आज्ञावल्या हीच सोय मोडतात.

गोव्याचा प्रश्न याहून नाजूक. १९८७च्या अधिनियमाने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापरासही वाव राहिला. १९९२च्या ७१व्या घटनादुरुस्तीने कोंकणी आठव्या अनुसूचीत आली. घरी कोंकणी बोलून देवळात मराठी आरती म्हणणाऱ्या गोमंतकीयास 'एकच भाषा सांगा' हा प्रश्नच अपुरा आहे. आंतरजालाच्या १९९७च्या प्रमाणनियमांत भाषांची पसंतीक्रमाने यादी पाठविण्याची तरतूद आहे. म्हणजे उपाय उपलब्ध आहे, मागणारा हवा.

तेव्हा देवस्थान समित्यांनी पावत्यांची वा पंचांगाची आज्ञावली करवून घेताना दोन अटी लेखी घालाव्यात : भाषा ठिकाणावरून ठरवू नये, भक्ताच्या निवडीवरून घ्यावी, आणि एकीचा स्वीकार म्हणजे दुसरीचा त्याग, असे मानू नये.