अश्वपरीक्षा आणि पैज

बेळगावचा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला. पुढे तेथे लष्करी छावणी वसली आणि ‘रेसकोर्स’ हे स्थळनाम गावात रुळले. परंतु धावण्यापूर्वीच घोड्याचे गुण ओळखण्याची विद्या या भूमीस त्याहून फार जुनी आहे. हा प्रदेश ज्यांच्या साम्राज्यात मोडत असे, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यात घोड्यांची लक्षणे सांगून वाजिवाह्यालीविनोदाचे, म्हणजे घोड्यावरून खेळावयाच्या चेंडूखेळाचे, स्वतंत्र वर्णन केलेले आहे.

आधुनिक शर्यतीत ही परीक्षा अधिक बिकट झाली. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर दिवसाच्या शर्यतींचा अंदाज बांधणारा जाणकार घोड्याची पूर्वीची कामगिरी, शर्यतीचे अंतर, जमिनीचा ओलावा आणि स्वाराचे कसब यांचा मेळ घालतो. तथापि हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्यावर अधिक वजन लादून सर्वांना समान पातळीवर आणण्याचा यत्न होतो. जाणकाराचे अनुमान निष्फळ व्हावे, अशीच जणू ही योजना!

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीत दैवापेक्षा कौशल्य प्रधान मानले. पण कौशल्य म्हणजे निश्चिती नव्हे. जुना परीक्षक निवडलेल्या घोड्यावर स्वतः आरूढ होई. आजचा केवळ पैसा लावतो. अनुमान चुकले तर पहिल्याचा देह पणास लागे, दुसऱ्याचा संसार लागतो. घरातील माणसांस मात्र त्या निवडीविषयी कोणी विचारलेले नसते.