पेक्स ब्लॉक

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना कमी करण्यासाठी छातीच्या स्नायूंच्या थरांमध्ये बधिरतेचे औषध सोडण्याची पद्धत. भूलतज्ज्ञ रफाएल ब्लांको यांनी ती २०११ मध्ये मांडली; पुढच्याच वर्षी पेक्स-२ हा तिचा विस्तारित प्रकार आला आणि आज प्रामुख्याने तोच वापरला जातो.

स्तनाची संवेदना मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या बरगडीलगतच्या नसांच्या शाखांमधून जाते. काखेकडे दुसऱ्या बरगडीच्या नसेची एक शाखा पोचते. पेक्स-२ मध्ये रुग्णाला पूर्ण भूल दिल्यावर, चिरा घेण्याआधी, सोनोग्राफीचा प्रोब कॉलरबोनखाली ठेवतात. पेक्टोरॅलिस मेजर व मायनर या दोन स्नायूंच्या मधल्या जागेत सुमारे १० मिली आणि तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या पातळीवर मायनर व सेरेटस या स्नायूंच्या मधल्या जागेत सुमारे २० मिली औषध (बहुधा बुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन) दिले जाते. औषध योग्य जागी पडले की पडद्यावर दोन स्नायूंमध्ये काळी फट उघडत जाते. स्नायूच फुगताना दिसला, तर सुई पुन्हा बसवावी लागते.

काखेतल्या लसिका ग्रंथी काढायच्या असतील तेव्हा हा ब्लॉक विशेष उपयोगी पडतो. मात्र उरोस्थीजवळचा आतला भाग त्यात नीट बधिर होत नाही. तिथली गाठ असेल तर वेगळे इंजेक्शन लागते. शल्यविशारदाला काखेतील नस उद्दीपित करून ओळखायची असेल, तर औषधामुळे स्नायूची हालचाल थांबते. म्हणून शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांचे आधी बोलणे झालेले बरे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मणक्यालगतचा पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक अजूनही पहिली पसंती आहे. तो १९०५ पासून ज्ञात आहे, पण त्याची सुई फुप्फुसाच्या आवरणाजवळ जाते. औषधाची मात्रा वजनानुसार ठरवतात. ते रक्तात गेल्यास झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. त्यासाठी २० टक्के लिपिड इमल्शन हाताशी हवे.

ब्लॉकमुळे कर्करोग परतणे टळते, ही आशा मात्र खरी ठरलेली नाही. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या २,१०० हून अधिक स्त्रियांच्या चाचणीत पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकसह प्रोपोफॉलची भूल आणि नेहमीची भूल यांत पुनरुद्भवाचे प्रमाण सारखेच, सुमारे १० टक्के, निघाले. दीर्घकालीन वेदनेतही फरक पडला नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाभ दिसला, पण तिथे ब्लॉक न देता लिग्नोकेन हे बधिरतेचे औषध गाठीभोवतीच टोचले होते.

एकदा दिलेल्या औषधाचा अंमल काही तास, फार तर दिवसभर टिकतो. पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या तो ओसरण्याआधीच सुरू कराव्यात; नाहीतर बहुधा रात्रीच, एकदम दुखू लागते.