चारशे वॅटची रात्र

निफाड तालुक्यातला एक मळा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. दोन एकर द्राक्षबाग, दोन गाई आणि थोरल्या मुलाने नव्याने सुरू केलेला कोंबड्यांचा जोडधंदा. शेडमध्ये गिरिराज जातीची चार दिवसांची ३०२ पिल्लं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत मोजली ती १३१. मधले सतरा तास असे गेले.

दुपारी १.३०
पिल्लं बल्बखालून हटून पत्र्याच्या कडेला बसली होती, चोची उघड्या. मुलाच्या वहीत लिहून घेतलेलं होतं: पिल्लं कडेला गेली तर ऊब जास्त, बल्बखाली गोळा झाली तर कमी, सगळी एकाच बाजूला सरकली तर कुठून तरी वारा लागतोय. त्याने वहीप्रमाणे केलं. शंभर वॅटच्या सहा बल्बांपैकी दोन काढले आणि घरातल्या फडताळात ठेवले. थंडीत एका पिल्लाला दोन वॅट हा सर्वसाधारण ठोकताळा, म्हणजे इथे ६००. उरले ४००. दुपारच्या उन्हात तेवढे पुरत होते.

दुपारी ३.००
पिल्लांभोवतीचं पत्र्याचं कडं, म्हणजे चिक गार्ड, त्यांना अपुरं पडू लागलं होतं. चौथ्या दिवशी ते वाढवायचंच असतं. नवा पत्रा आणायला निफाडला जावं लागलं असतं. त्याने असलेलं कडं उघडलं आणि त्याची दोन टोकं शेडच्या दोन भिंतींना टेकवली. जागा जवळपास दुप्पट झाली. ईशान्येचा कोपरा आता कड्याच्या आत आला होता.

वहीत ‘गोल’ असं लिहिलेलं होतं. का गोल, ते लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी ५.४५
थर्मामीटर ३३ दाखवत होता. पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतात. दोनाचा फरक त्याला फार वाटला नाही. पण थर्मामीटर वाचायला सोपा जावा म्हणून डोळ्यांच्या उंचीवर खिळ्याला टांगलेला होता, आणि गरम हवा वर जाते. पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, खाली पसरलेल्या तुसापासून दोन-तीन इंचांवर, किती अंश होते ते कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी ७.१०
आजी म्हणाली, “मडक्यात निखारे घालून ठेव रे रात्रीपुरते. लाईटीचा काय भरवसा?”

बंद शेडमध्ये कोळशाचा वायू साठून पिल्लं दगावतात, हे त्याने ऐकलं होतं. ते खरंच आहे. वायूला बाहेर जायला वाट ठेवता येते, पण ती त्याला कोणी सांगितली नव्हती. त्याने गोणपाटाचे पडदे सोडले, वर हवेसाठी वीतभर फट ठेवली आणि घरच्यांना बजावलं: रात्री दार कोणी उघडायचं नाही, आत गारठा जातो.

रात्री ८.३०
पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येणार असा अंदाज होता. निफाडकरांना थंडीचा आकडा नवा नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद इथे रोज सकाळी चहाबरोबर वाचली जाते, आणि २०१८च्या डिसेंबरअखेर ती दोन अंशांच्याही खाली गेली होती. द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप फिरत होते: मणी तडकतील, पहाटेपर्यंत ठिबक चालू ठेवा, बागेत शेकोट्या करा.

हे निरोप त्यानेही वाचले, पण बागाईतदार म्हणून. पिल्लांशी त्यांचा संबंध त्याला दिसला नाही.

रात्री ८.५०
त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्री दहानंतर होती. वडिलांच्या सांगण्यावरून त्याने विहिरीवरच्या मोटरीचा ऑटो चालू करून ठेवला, म्हणजे लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू होईल. शेजारच्या मळ्यांतही तेच झालं. ६३ केव्हीएच्या सामाईक डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, सतरा मोटरी होत्या. शेडचे बल्बही त्याच डीपीवर.

रात्री १०.००
थ्री फेज आली. ऑटोवरच्या मोटरी एकदम उठल्या. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

रात्री १०.०५
तो शेडमध्ये पाणी भरत होता. चारही बल्ब पिवळ्यावरून तांबूस झाले. व्होल्टेज २३०वरून १७०वर आलं तर शंभर वॅटचा बल्ब साठेक वॅटचंच काम करतो. चारशेचे अडीचशे झाले होते. त्याला दिसला तो मंद उजेड. बरंच झालं, झोपतील, असं तो धाकट्या भावाला म्हणाला.

पिल्लं बल्बखाली दाटीने गोळा झाली होती. वहीतलं दुसरं वाक्य. रात्र झाली की सगळीच पाखरं अंग चोरून बसतात, असं त्याला वाटलं.

रात्री १०.२५
थर्मामीटर २९. मोटरी स्थिरावल्या की व्होल्टेज वाढेल म्हणून तो थांबला. थोडं वाढलंही. आकडा ३० झाल्यावर तो घरी आला. फडताळातले दोन बल्ब शेडपासून साठ फुटांवर होते.

रात्री ११.४०
आई बाहेर आली होती. “केवढी ओरडतायत रे ती,” ती म्हणाली. तो पुन्हा गेला. चिवचिव नव्हती ती, सलग किंचाळणं होतं. भूक असेल म्हणून त्याने फीडरमध्ये मक्याचा भरडा टाकला. एकही पिल्लू खाद्यावर आलं नाही. गारठलेलं पिल्लू खात नाही, उबेपासून हलतच नाही. त्याने दोनचा गजर लावला आणि झोपला.

रात्री १.१०
डीपीवरचा एक फ्यूज उडाला. वेळ नक्की सांगता येते, कारण शेजारच्या नानांची मोटर बंद पडली आणि त्यांनी वायरमनला फोन लावला. त्यांच्या मोबाईलमध्ये तो कॉल १.१४चा आहे. उचलला गेला नाही.

नाना डीपीपाशी जाऊन बघून आले. रात्री हात लावण्यात अर्थ नव्हता. त्यांनी आणखी दोघांना उठवलं आणि बागेत छाटणीच्या काड्यांच्या शेकोट्या पेटवल्या. पहिली शेकोटी शेडपासून दोनशे फुटांवर होती. समोरच्या घरात अंधार दिसला, तेव्हा झोपलेल्यांना कशाला उठवा, असं त्यांच्या मनात आलं. भला माणूस.

वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच लाईट जावी, याला गाव नशीब म्हणतं. पण त्या रात्री सगळ्या बागांना एकाच वेळी पाणी हवं होतं, आणि ते थंडीमुळेच हवं होतं.

रात्री १.१० ते २.००
बल्बची तार क्षणात निवते. चार दिवसांच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. स्वतःची ऊब स्वतः राखणं त्याला दोन-तीन आठवड्यांनी जमतं. तोवर ते ऊब शोधतं, आणि बल्ब गेल्यावर शेडमध्ये ऊब एकाच गोष्टीला उरते: दुसऱ्या पिल्लाला. मग ढकलाढकल सुरू होते. कडं गोल असेल तर रेटलेलं पिल्लू पत्र्याच्या कडेने सरकत बाहेर निसटतं. कोपऱ्यात सरकायला जागा नसते. पहिलं पिल्लू भिंतींना टेकलं की त्याच्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. एकेकाचं वजन साठेक ग्रॅम.

रात्री २.००
गजर झाला. त्याने पडल्या पडल्या कान दिला. शेडमधून आवाज येत नव्हता. अडीच तासांपूर्वी ज्या कलकलाटाने आई बाहेर आली होती, तो थांबला होता. झोपली एकदाची, असं समजून तो कुशीवर वळला. घरातला दिवा लावायची गरज पडली नाही, म्हणून लाईट गेल्याचंही कळलं नाही.

त्या रात्रीच्या सगळ्या निर्णयांत या एकाला दोष देणं मला अवघड जातं. नवख्याला सगळे बजावतात, पिल्लं ओरडली की ऊठ. गप्प झाली की ऊठ, असं कोणी सांगत नाही.

पहाटे ३.३०
ढीग कोपऱ्यात वीतभर उंच झाला होता. तळाची पिल्लं थंडीने मेली नाहीत. ती उबेत होती, त्यांना हवा मिळाली नाही. वरच्यांच्या श्वासाने मधल्यांची लव ओली झाली, आणि ओली लव ऊब धरत नाही.

पहाटे ५.२०
वडील गाईंचं दूध काढायला उठले. बटण दाबलं, लाईट नव्हती. बॅटरी घेऊन ते गोठ्यात गेले. शेडचं दार वाटेवरच होतं. मुलाने बजावलेलं त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी दार उघडलं नाही.

सकाळी ६.२०
त्याने दार उघडलं. मोबाईलच्या उजेडात आधी रिकामं तूस दिसलं, मग कोपरा.

सकाळी ६.३५ ते ७.४०
आजीने मडक्यात निखारे घातले आणि धूर जायला वरचे पडदे हातभर खाली केले. तीच ती वाट. धाकट्याने पुठ्ठ्याची खोकी आणली. जिवंत पिल्लं एका खोक्यात, माना टाकलेली दुसऱ्यात, चुलीजवळ. गारठलेलं पिल्लू मेल्यासारखं दिसतं, पण उबेला आलं की कधी कधी पाय झाडतं. अशी २३ उठली. आईने चोची एकेक करून कोमट गूळपाण्यात बुडवल्या.

सकाळी ८.१५
वडिलांनी मोजलं: मेलेली १७१. बांधापलीकडे तीन फूट खड्डा, खाली-वर चुना. उबवणी केंद्राने ३०० पिल्लांवर सहा फुकट दिली होती. त्यांतली चार आधीच गेली होती.

सकाळी १०.१०
वायरमन आला. फ्यूजला नवी तार घातली आणि विचारलं, “ऑटो किती जणांचे चालू होते?” कोणी आकडा सांगितला नाही. १०.४०ला लाईट आली. मुलाने फडताळातले दोन्ही बल्ब लावले, कोपऱ्यात पुठ्ठा वाकवून तो गोल करून घेतला, थर्मामीटर सुतळीने तुसापर्यंत खाली सोडला. तिथे २४ निघाले. मग विहिरीवर जाऊन आपल्या मोटरीचा ऑटो काढला आणि नानांना फोन केला.

“नाना, आज मोटर चालू व्हायच्या आधी मला उठवा.”

“उठवतो की. पण रविवारपर्यंत लाईट रात्रीचीच आहे, बाबा. आणि बाकीच्या पंधरा जणांना कोण सांगणार?”