पेशीतील मेदाचे वाहक

वाचकहो, तांब्याभर पाण्यात तेलाचा थेंब टाकून पाहा. तो मिसळत नाही, वरच तरंगतो. तुमच्याआमच्या शरीरातील प्रत्येक पेशीपुढे हीच अडचण आहे. पेशीत भरले आहे मुख्यतः पाणी, आणि तिच्या कप्प्यांचे पडदे मात्र मेदाचे! हा मेद बहुतांशी आंतर्द्रव्यजालिका नावाच्या एका कप्प्यात तयार होतो. लागतो मात्र सगळीकडे. मग तो पाण्यातून नेतो कोण?

पडद्याच्या इवल्या पिशव्या सुटतात आणि माल पोचवतात, हे एक उत्तर. ते खोटे नव्हे. पण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका या पिशव्यांच्या वाटेवर येतच नाहीत. १९६८ साली विर्ट्झ आणि झिल्व्हरस्मिट यांनी उंदराच्या यकृतातील दोन प्रकारचे पडदे वेगळे काढले, एकातील मेदाला किरणोत्सर्गी फॉस्फरसची खूण केली आणि दोन्ही एकत्र ठेवले. खूण दुसऱ्या पडद्यात जाई, पण सावकाश. पेशीतील निवळ द्रव त्यात घातला, की देवघेव झपाट्याने होई. त्या द्रवातली प्रथिने हेच ते हमाल!

शिक्षकहो, फळ्यावरच्या आकृतीत आपण कप्पे सुटेसुटे काढतो. प्रत्यक्षात ते जागोजाग अगदी खेटून असतात. एका मिलिमीटरचे लाख भाग करा. त्यांतल्या दोन-तीन भागांएवढी फट, बस्स. जपानच्या हानादा यांनी २००३ साली दाखवलेले ‘सर्ट’ हे प्रथिन अशा फटीत एक हात जालिकेला आणि दुसरा गॉल्जी पिंडाला लावते नि सिरॅमाइड नावाचा मेद पलीकडे देते. गॉल्जी ओळखायचा कसा? त्यावर खुणेचा एक खास मेद असतो.

त्याच खुणेवर ‘ओएसबीपी’ हे दुसरे प्रथिनही येते. त्याचा व्यवहार आपल्या जुन्या धान्याच्या अदलाबदलीसारखा, बरं का! गॉल्जीला कोलेस्टेरॉल द्यायचे आणि खुणेचा मेद परत न्यायचा; जालिकेत तो मोडला जातो, म्हणून व्यवहार उलटा फिरत नाही. हे २०१३ साली उलगडले. पण पाहा, ती खूण फार खर्चली, तर सर्टला पाय रोवायला जागा कुठली? एकाच्या व्यवहारावर दुसऱ्याचे काम अवलंबून.

हे हमाल घागरीने पाणी नेणारे. ‘व्हीपीएस १३’ मात्र चक्क पाटच आहे. त्यातून मेद वाहत जातो, असे २०१८ सालच्या संशोधनातून पुढे आले. या प्रथिनाच्या एका प्रकारातील बिघाडाने माणसाचे हातपाय आपोआप झटके देतात, जीभ नि ओठ चावले जातात, रक्तातील तांबड्या पेशी काटेरी होतात. बिघडलेले जनुक २००१ सालीच सापडले होते; ते करते काय, याचा अंदाज यायला पुढे सतरा वर्षे गेली. रोग मुळातून बरा करणारे औषध अजून नाही. डॉक्टर झटके कमी करण्याची औषधे देतात.